टेक्सासची ‘स्टार’ परीक्षा: सरकारी शाळेत मुलं असलेल्या मराठी पालकांसाठी

फ्रिस्को, प्लेनो, केटी किंवा ऑस्टिनच्या आसपास राहायला आलात आणि मूल सरकारी शाळेत घातलंत, की तिसरीपासून दर वर्षी एप्रिलच्या सुमारास ‘स्टार’ परीक्षा असते. ही राज्याची परीक्षा आहे. चार्टर शाळांनाही (सरकारी पैशावर चालणाऱ्या, पण स्वतंत्र संस्थांच्या शाळा) ती लागू आहे; खाजगी शाळा आणि होमस्कूलिंगला नाही. पेपर अवघड म्हणून अडचण होते त्यापेक्षा प्रवेशाच्या वेळी भरलेला फॉर्म आणि निकालानंतर आलेलं पत्र नीट न वाचल्यामुळे जास्त होते, म्हणून सुरुवात फॉर्मपासून.

होम लँग्वेज सर्व्हे

टेक्सासमधल्या पहिल्या प्रवेशाच्या वेळी हा फॉर्म एकदाच भरतात आणि तो मुलाच्या कायमच्या फाइलमध्ये राहतो. त्यात मुख्यतः विचारतात ते असं: घरात कोणकोणत्या भाषा वापरतात आणि मूल स्वतः घरी कोणकोणत्या भाषा वापरतं. मातृभाषा कोणती, हे तिथे विचारलेलंच नाही. घरात मराठी चालत असेल, तर मुलाला वेगळ्या वर्गात टाकतील या भीतीने ‘इंग्लिश’ लिहू नका.

यातल्या एकाही उत्तरात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा आली, की शाळा प्रवेशानंतर चार आठवड्यांच्या आत मुलाची इंग्रजी तपासते. पहिलीपर्यंत फक्त ऐकणं-बोलणं, दुसरीपासून वाचन-लेखनही. इथे लहान मुलं अडकतात ती भाषेपेक्षा बुजरेपणामुळे. अनोळखी बाईंनी चित्र दाखवून विचारलं, की एका शब्दात उत्तर देतात आणि गुण जातात. आदल्या दिवशी एवढंच सांगा: विचारतील त्याचं पूर्ण वाक्यात उत्तर दे.

फॉर्म चुकीचा भरला गेला असेल तर तो दुरुस्त करता येतो, पण प्रवेशापासून दोन आठवड्यांच्या आत आणि भाषेची तपासणी व्हायच्या आधीच.

तपासणीत इंग्रजी कमी पडली तर मूल ‘इमर्जंट बायलिंग्वल’ (इंग्रजी अजून शिकत असलेलं) ठरतं, तशा मुलांच्या यादीत जातं आणि दर वसंतात त्याला ‘टेल्पास’ ही इंग्रजीची वेगळी परीक्षा द्यावी लागते. पालक ईएसएलचे (अशा मुलांना इंग्रजी शिकवण्याचे) तास लेखी नाकारू शकतात. पण तास नाकारले म्हणून टेल्पास टळत नाही. शाळेची भाषा समिती मुलाला त्या यादीतून बाहेर काढेपर्यंत ती चालूच राहते. बोलण्याच्या भागात उत्तर हेडसेटवर रेकॉर्ड होतं, त्यामुळे पुटपुटणारी आणि दोन शब्दांत आटपणारी मुलं, इंग्रजी चांगली असूनही, वर्षानुवर्षं यादीत राहतात. घरी फोनवर मिनिटभर बोलून रेकॉर्ड करायचा सराव पुरतो.

भारतातून नुकतंच आलेलं मूलही त्याच वर्षी स्टारला बसतं. भाषेपायी जास्त वेळ अशा सवलती हव्या असतील तर त्या भाषा समितीच ठरवते. त्यासाठी मूल आधी तिच्या यादीत असावं लागतं, म्हणूनच फॉर्मवर खोटं ‘इंग्लिश’ महागात पडतं. पाचवीपर्यंत स्टार स्पॅनिशमध्येही देता येते, मराठीत किंवा हिंदीत नाही.

कोणत्या इयत्तेला काय

तिसरी ते आठवी वाचन-लेखन आणि गणित दर वर्षी. पाचवीला आणि आठवीला विज्ञान, आठवीला शिवाय समाजशास्त्र. हायस्कूलमध्ये इयत्तेप्रमाणे नाही, तर विषय पूर्ण केल्यावर ‘एंड ऑफ कोर्स’ परीक्षा असते: अल्जिब्रा वन, इंग्लिश वन, इंग्लिश टू, बायॉलॉजी आणि यूएस हिस्टरी. डिप्लोमासाठी या पाचही पास व्हाव्या लागतात. त्या जून आणि डिसेंबरमध्ये पुन्हा देता येतात.

आपल्याकडची बरीच मुलं गणितात एक-दोन वर्षं पुढे असतात. सातवीत अल्जिब्रा वन शिकणारं मूल सातवीचं गणित न देता थेट अल्जिब्रा वनचा एंड ऑफ कोर्स पेपर देतं आणि तो डिप्लोमासाठी धरला जातो. मग हायस्कूलमध्ये अशा मुलाला गणितासाठी सॅट किंवा ॲक्ट (कॉलेज प्रवेशाच्या परीक्षा) द्यावी लागते, कारण तिथेही एक गणिताची परीक्षा हवी हा केंद्राचा नियम आहे.

नववी-दहावी महाराष्ट्रात करून आलेल्यांसाठी सर्वांत उपयोगी नियम असा: टेक्सासच्या सरकारी शाळेत येण्यापूर्वी मिळवलेलं एखाद्या विषयाचं क्रेडिट (विषय पूर्ण केल्याची नोंद) डिस्ट्रिक्टने, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने, मान्य केलं, तर त्या विषयाची एंड ऑफ कोर्स परीक्षा द्यावी लागत नाही. म्हणून नववी आणि दहावीची मूळ गुणपत्रकं, शाळेचा शिक्का-सही असलेली, सोबत आणा. काउन्सेलरबरोबरच्या पहिल्याच भेटीत विचारा की अल्जिब्रा वन, बायॉलॉजी आणि इंग्लिशपैकी कशाचं क्रेडिट देताय, आणि उत्तर ट्रान्सक्रिप्टवर (शाळेच्या अधिकृत गुणनोंदीत) उमटलेलं बघा. यूएस हिस्टरी मात्र बहुधा इथेच शिकावी आणि द्यावी लागते.

पेपर

परीक्षा संगणकावर असते. बहुपर्यायी प्रश्नांचा वाटा जास्तीत जास्त ७५ टक्के. बाकीच्यात ओढून जागी ठेवायचं, आलेख काढायचा, लिहायचं असं असतं. राज्याच्या संकेतस्थळावर मोफत सराव पेपर आहेत. ते छापून सोडवण्यात फारसा अर्थ नाही, स्क्रीनवरच सोडवा. सातवीपर्यंत गणिताला कॅल्क्युलेटर नाही, आठवीपासून आहे.

गुण सर्वाधिक जातात ते वाचनाच्या पेपरातल्या मोठ्या लेखी उत्तरात. एक उतारा किंवा दोन उतारे वाचून निबंधवजा उत्तर लिहायचं असतं. मुद्दे आणि मांडणीला ३, भाषेच्या शुद्धतेला २ असे ५ गुण, आणि ते दुप्पट होऊन १०. मेख अशी की मुद्द्यांना शून्य मिळालं तर शुद्धतेलाही आपोआप शून्य. म्हणजे निर्दोष इंग्रजीत उताऱ्याशी संबंध नसलेलं उत्तर लिहिलं तर हाती काहीच नाही. उताऱ्यातली वाक्यं जशीच्या तशी उतरवणाऱ्यांचंही हेच होतं. एक ठाम विधान, उताऱ्यातले दोन पुरावे, प्रत्येक पुराव्यामागे ‘म्हणून काय’ हे स्वतःच्या शब्दांत, एवढं शिकवा. डिसेंबर २०२३ पासून ही उत्तरं आधी संगणक तपासतो आणि त्यातली काही माणसाकडे जातात. निकाल पटला नाही तर शाळेमार्फत फेरतपासणी मागता येते. शुल्क ५० डॉलर, आणि गुण बदलले तर ते माफ होतं.

फोन किंवा स्मार्ट वॉच दप्तरातसुद्धा नको. परीक्षेच्या वेळी हाती सापडलं तर पेपर रद्द होऊ शकतो.

परीक्षा टाळायची सोय टेक्सासमध्ये नाही. शिक्षण संहितेच्या कलम २६.०१० प्रमाणे पालकांना केवळ परीक्षा चुकवण्यासाठी मुलाला वर्गातून काढता येत नाही. एप्रिलमध्ये भारताचं तिकीट काढण्याआधी डिस्ट्रिक्टचं परीक्षा वेळापत्रक बघा.

निकाल

तिसरी ते आठवीचे निकाल साधारण जूनमध्ये राज्याच्या फॅमिली पोर्टलवर येतात. ॲक्सेस कोड शाळेकडून मिळतो. तिथे मुलाने लिहिलेलं उत्तरही वाचता येतं. ते वाचाच, नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही. चार अंकी स्केल स्कोअर म्हणजे टक्के नव्हेत. पातळ्या चार: डिड नॉट मीट, अप्रोचेस, मीट्स, मास्टर्स. ‘अप्रोचेस’ हे ऐकायला नापास वाटतं, पण ते पास आहे. इयत्तेच्या पातळीवर असणं म्हणजे ‘मीट्स’.

नापास झाल्यामुळे पाचवी-आठवीत मूल मागे ठेवण्याचा जुना नियम २०२१ मध्ये गेला. आता त्या विषयाचे जादा तास असतात: १५, किंवा गुण फारच कमी असतील तर ३०, चार मुलांमागे एक शिक्षक, जास्तीत जास्त दोन विषयांत. नाहीतर राज्याने नावाजलेल्या शिक्षकाच्या वर्गात मुलाला घालतात. हे तास नको असतील किंवा कमी हवे असतील तर पालक शाळेला लेखी कळवू शकतात. तोंडी सांगून भागत नाही.

बारावीपर्यंत एक किंवा दोन एंड ऑफ कोर्स राहिल्या तर मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालक यांची समिती प्रकल्प किंवा कामाची फाइल बघून डिप्लोमाची शिफारस करू शकते. निर्णय एकमताने लागतो. तीन राहिल्या तर हा मार्ग बंद.

२०२७-२८ पासून तिसरी ते आठवीसाठी स्टार जाऊन वर्षात तीन छोट्या परीक्षा येणार आहेत. त्या वर्षी किंवा त्यानंतर तिसरीत जाणाऱ्या मुलासाठी जुन्या स्टारची जाडजूड सराव पुस्तकं विकत घेऊ नका.