व्हेन्सिममध्ये लुकअप तक्ता दुरुस्त करताना

लुकअप म्हणजे बिंदूंच्या जोड्यांची यादी. अमुक इनपुट आलं की तमुक आउटपुट द्यायचं, आणि दोन बिंदूंच्या मधलं इनपुट आलं तर सरळ रेषेने मधली किंमत काढायची, एवढंच व्हेन्सिम हे सिम्युलेशन सॉफ्टवेअर करतं. बिंदू माउसने ओढता येतो, त्यामुळे तक्ता बदलणं फार सोपं वाटतं आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. मॉडेलमधल्या समीकरणांवर चार लोक चर्चा करतात, तक्त्यातले आकडे मात्र कोणी उघडूनही पाहत नाही. खरं तर साठा उणे गेला, आलेख दातेरी झाला, निकाल मध्येच सपाट झाला, तर आधी तक्ताच तपासावा.

उदाहरणासाठी एक सिंचन तलाव घेऊ. कालव्याची दैनिक मागणी ठरलेली आहे. साठा भरपूर असेल तर पूर्ण मागणीइतकं पाणी सुटतं, साठा कमी होत गेला की विसर्गाला हात आखडता घ्यावा लागतो. हा आखडता हात तक्त्यात मांडायचा आहे.

साठा प्रमाण = साठा / (दैनिक मागणी * ३० दिवस)

विसर्ग = दैनिक मागणी * पुरवठा तक्ता(साठा प्रमाण)

पुरवठा तक्ता([(०,०)-(२,१)],(०,०),(०.२५,०.२५),(०.५,०.४८),(०.७५,०.६७),(१,०.८२),(१.२५,०.९२),(१.५,०.९७),(१.७५,०.९९),(२,१))

आकडे इथे देवनागरीत आहेत, व्हेन्सिममध्ये ते इंग्रजी अंकांत टाइप करा. कंसांकडेही नीट बघा. चौकोनी कंसातला भाग फक्त आलेख कुठून कुठपर्यंत दाखवायचा ते सांगतो. तो बदलल्याने गणितात काहीच बदलत नाही. आडव्या अक्षाची मर्यादा २ वरून ५ केली म्हणजे तक्ता ५ पर्यंत लागू झाला, असा समज बऱ्याच जणांचा असतो. तक्ता शेवटच्या बिंदूपाशीच संपतो.

इनपुट थेट घनमीटरमध्ये न देता गुणोत्तर का घेतलं? एक म्हणजे तलाव बदलला तरी तक्ता तोच चालतो. दुसरं, गुणोत्तराला एकक नसतं, त्यामुळे एककांच्या तपासणीत लुकअप अडत नाही. तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं: प्रमाण १ म्हणजे ३० दिवसांचं पाणी शिल्लक, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं आणि तो आकड्यावर वाद घालू शकतो. वाद घालता येईल असाच तक्ता दुरुस्त करता येतो.

तक्ता उघडणं आणि बदलणं

इक्वेशन टूल निवडून लुकअपच्या नावावर क्लिक करा. समीकरणाच्या खिडकीत ‘ॲज ग्राफ’ हे बटण दाबलं की डावीकडे इनपुट आणि आउटपुटचे रकाने आणि बाजूला आलेख दिसतो. आलेखावर मोकळ्या जागी क्लिक केलं की नवा बिंदू तयार होतो, असलेला बिंदू धरून ओढता येतो.

काही बदलण्याआधी सध्याची रेषा संदर्भ म्हणून ठेवण्याचं बटण दाबा. त्यावर ‘कर’ आणि ‘रेफ’ अशी अक्षरं आहेत. जुनी रेषा मागे राहते आणि आपण कुठे किती सरकलो ते डोळ्यांसमोर राहतं. हा संदर्भ मॉडेलसोबत जतनही होतो.

माउस वापरायचा तो फक्त आकार सुचवण्यासाठी. आकार मनासारखा झाला की रकान्यात जाऊन प्रत्येक किंमत हाताने टाइप करा. तक्त्यात (०.३०७३३९,०.४६९२९८) अशी जोडी दिसली तर समजावं, कोणीतरी बिंदू ओढला आणि तसाच सोडला. सहा दशांश स्थळांची ती अचूकता खोटी असते. पुढचा माणूस मात्र ती मोजमापातून आली असं धरून चालतो. शिवाय ओढताना पहिला बिंदू शून्यावरून किंचित वर सरकला, तर आलेखात ते दिसत नाही.

टोकं आधी, मधलं नंतर

बिंदू (०,०) चुकून (०,०.१) झाला असं समजा. साठा संपला तरी मागणीच्या १० टक्के पाणी सुटत राहील. साठा उणे होईल, प्रमाण उणे होईल, आणि तक्ता तिथेही ०.१ च देईल, कारण पहिल्या बिंदूच्या अलीकडे व्हेन्सिम पहिल्याच बिंदूची किंमत धरून ठेवतं. म्हणजे तलाव खाली खाली जातच राहील. शेवटच्या बिंदूच्या पलीकडेही तसंच: प्रमाण ३.५ झालं तरी उत्तर १ च. आपल्या तक्त्यात हे बरोबर आहे, कारण मागणीपेक्षा जास्त पाणी कालव्यात सोडायचं नाही. पण साठ्यावरून पाण्याचं क्षेत्रफळ देणारा तक्ता असेल आणि साठा शेवटच्या मोजणीपलीकडे गेला, तर क्षेत्रफळ गोठतं आणि बाष्पीभवन कमी मोजलं जातं.

इनपुट मर्यादेबाहेर गेल्याची सूचना व्हेन्सिम देतं. ती ‘ओके’ करून पुढे जायची सवय वाईट. प्रत्येक वेळी विचारा: इथे उत्तर स्थिर राहणं खरं आहे का? खरं असेल तर शेवटच्या सपाट किमतीचा आणखी एक बिंदू दूरवर घाला, उदाहरणार्थ (१०,१). सूचना थांबते आणि आपला हेतूही लिहिला जातो. खरं नसेल तर जास्त मोजणी मिळवा. ‘लुकअप एक्स्ट्रापोलेट’ हे फंक्शन शेवटच्या दोन बिंदूंचा उतार पुढे ओढतं, पण ते वापरण्याआधी तो उतार पुढेही तसाच राहील याला आधार हवा.

पावसाळ्यात आवर्तन नसतं, दैनिक मागणी शून्य होते आणि साठा प्रमाणाच्या छेदात शून्य येतं. तिथे साध्या भागाकाराऐवजी ‘एक्सआयडीझेड’ वापरा: एक्सआयडीझेड(साठा, दैनिक मागणी * ३०, २). छेद शून्य असेल तेव्हा ते तिसरी किंमत देतं. इथे २, म्हणजे तक्त्याचं वरचं टोक.

पहिल्या तुकड्याचा उतार आणि टाइम स्टेप

याकडे फार कमी लोक बघतात. आपल्या तक्त्यात (०,०) ते (०.२५,०.२५) हा उतार १ आहे. साठा कमी असताना विसर्ग साठा भागिले ३० दिवस एवढाच होतो, म्हणजे तलाव ३० दिवसांच्या गतीने हळूहळू रिकामा होतो. आता कोणी ‘शेवटपर्यंत पूर्ण पाणी द्यायचं’ म्हणून दुसरा बिंदू (०.०५,०.९) केला. उतार झाला १८. रिकामं होण्याचा काळ ३० भागिले १८, म्हणजे सुमारे १.६७ दिवस. टाइम स्टेप, म्हणजे मॉडेलच्या गणितातली काळाची एक पायरी, २ दिवसांची असेल तर एका पायरीत असलेल्या साठ्याच्या १.२ पट पाणी बाहेर जाईल आणि साठा उणे. लोक मग समीकरणात कमाल-किमान मर्यादा घालत बसतात, दोष मात्र तक्त्यात असतो. टाइम स्टेप त्या काळाच्या पाव भागापेक्षा लहान ठेवा, किंवा उतार खरंच एवढा तीव्र आहे का ते तपासा.

मधल्या बिंदूंसाठी एक्सेलमध्ये तिसरा रकाना करा आणि लगतच्या आउटपुटमधला फरक लिहा. वरच्या तक्त्यात फरक असे येतात: ०.२५, ०.२३, ०.१९, ०.१५, ०.१०, ०.०५, ०.०२, ०.०१. सतत उतरते. आता (१,०.८२) हा एकच बिंदू ०.७८ केला तर ०.१९ नंतर ०.११ आणि मग पुन्हा ०.१४ येतं. आलेखात हा पोक जेमतेम दिसतो, रकान्यात लगेच दिसतो. एक बिंदू हलवला की शेजारचे दोन-तीनही हलवावे लागतात.

झाल्यावर एक किंमत हाताने काढून बघा. प्रमाण ०.६ असताना: ०.४८ + (०.१ / ०.२५) * ०.१९ = ०.५५६. मॉडेलने हेच दिलं पाहिजे. वेगळं आलं तर बहुधा इनपुटची व्याख्या चुकली आहे.

एक्सेलमधून आकडे आणताना

साठा १,५०,००० असा स्वल्पविराम घालून लिहिलेला असतो. तोच मजकूर समीकरणात चिकटवला तर व्हेन्सिमसाठी स्वल्पविराम म्हणजे नव्या किमतीची सुरुवात, आणि एका आकड्याचे तीन तुकडे पडतात. आधी एक्सेलमध्ये आकड्यांचं स्वरूप ‘जनरल’ करा, मग कॉपी करा. इनपुट चढत्या क्रमानेच हवं. एकाच इनपुटला दोन आउटपुट देऊ नका. पायरीसारखा बदल हवा असेल तर ४.९९ आणि ५ असे जवळचे दोन बिंदू ठेवा. क्षेत्रफळाचा तक्ता प्रत्यक्ष मोजणीतून आला असेल तर त्याला माउस लावूच नका, बिंदूंमधली अंतरं असमान असली तरी चालतात.

महिन्यांचे तक्ते

पावसाचे मासिक आकडे लुकअपमध्ये घातले की जून आणि जुलैच्या मध्ये व्हेन्सिम सरळ चढ काढतं, आणि महिन्याची बेरीज मूळ आकड्याशी जुळत नाही. इथे ‘लुकअप बॅकवर्ड’ वापरा. ते मागच्या बिंदूची किंमत पुढचा बिंदू येईपर्यंत धरून ठेवतं. अशा वेळी, मॉडेलमधला काळ महिन्यांत मोजत असाल तर, टाइम स्टेप ०.१ ठेवू नका. ०.१ संगणकाला नेमका साठवता येत नाही, वेळ ३ ऐवजी २.९९९९ सारखी येऊ शकते आणि मग मागच्या महिन्याची किंमत लागते. ०.१२५ किंवा ०.२५ घ्या.

तेच वर्ष पुन्हा पुन्हा फिरवायचं तर इनपुट ‘मोड्युलो(टाइम, १२)’ द्या. तापमानासारखी सरकणारी किंमत असेल आणि साधा लुकअप असेल, तर ० ते ११ असे बारा बिंदू पुरत नाहीत. ११ ते १२ च्या मध्ये रेषा गोठते आणि मग एकदम उडी मारते. तेरावा बिंदू १२ वर घाला आणि त्याला ० ची किंमत द्या.

तात्पुरता बदल आणि कायमचा बदल

सिम्युलेशन सेटअपमध्ये किंवा सिंथेसिममध्ये (किंमत बदलताच निकाल दाखवणारी पद्धत) तक्ता बदलला तर तो त्या रनपुरताच, म्हणजे मॉडेल त्या वेळी चालवण्यापुरताच, बदलतो. मूळ समीकरण तसंच राहतं. चाचणीसाठी हे उत्तम, पण दुसऱ्या दिवशी ‘मी कालच तर दुरुस्त केलं होतं’ असं म्हणत लोक जुनाच तक्ता चालवतात. बदल ठेवायचा असेल तर सीआयएन फाइलमध्ये (बदललेल्या किमती साठवणारी फाइल) जतन करा किंवा इक्वेशन एडिटरमध्ये जाऊन टाइप करा. दोन रनमध्ये नेमकं काय वेगळं होतं ते ‘रन्स कंपेअर’ सांगतं.

वेगवेगळ्या ताकदीचा परिणाम आजमावायचा असेल तर दर वेळी नऊ बिंदू बदलण्यापेक्षा एक स्थिरांक घाला: पुरवठा तक्ता(साठा प्रमाण / ताण). ताण ०.८ केला की पूर्ण पुरवठा प्रमाण २ ऐवजी १.६ पासून मिळतो. आकार तोच राहतो आणि संवेदनशीलतेची चाचणी एका आकड्यावर करता येते.

मॉडेल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना मर्यादेबाहेरची वागणूक पुन्हा तपासा. सिम्युलिंकचा लुकअप ब्लॉक काही न सांगता उतार पुढे ओढतो, व्हेन्सिम किंमत गोठवतं. ॲनीलॉजिकमध्ये तर चूक दाखवा, जवळची किंमत घ्या, पुढे ओढा असे पर्याय आपल्याला निवडावे लागतात. आपल्या पुरवठा तक्त्यात शेवटचा उतार ०.०४ आहे. तो पुढे ओढला तर प्रमाण ३.५ असताना उत्तर १.०६ येतं, म्हणजे मागणीपेक्षा ६ टक्के जास्त पाणी कालव्यात. तिथे (१०,१) हा बिंदू आधीच घातलेला असेल तर दोन्हीकडे १ च मिळतो.