लाँगबो घेताय? या चुका टाळा, नाहीतर चेकिंगलाच अडकाल

लाँगबो म्हणजे लांब धनुष्य, बास, एवढंच माझ्या डोक्यात होतं. नोकरीसाठी इंग्लंडला आलो, क्लबात तिरंदाजी सुरू केली आणि हौसेनं ६८ इंची धनुष्य ऑनलाइन मागवलं, चपटी पाती (मुठीच्या वरखालचे वाकणारे दोन भाग), वरून फायबरग्लास, मुठीच्या वर बाण टेकवायला मस्त कोरलेला शेल्फ. मॅचच्या सकाळी जज आजोबांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं, म्हणाले सुंदर आहे, पण आमच्याकडे हा लाँगबो नाही. झालं. वर शांतपणे चहा विचारला.

तेव्हा कळलं की माझी चूक धनुष्य निवडण्यात नव्हतीच, आधी कुठल्या नियमांवर खेळायचंय हे न विचारण्यात होती. कारण वर्ल्ड आर्चरीचा म्हणजे तिरंदाजीच्या जागतिक संघटनेचा लाँगबो वेगळा, आयएफएए म्हणजे फील्ड आर्चरीवाल्यांच्या (रानात फिरत नेम मारणाऱ्यांच्या) आंतरराष्ट्रीय संघटनेचा वेगळा, आणि आर्चरी जीबीचा म्हणजे ब्रिटनच्या संघटनेचा अस्सल इंग्लिश लाँगबो तर तिसरीच गोष्ट. दुकानदाराला यातलं काही घेणंदेणं नसतं, तो सरसकट सगळ्याला लाँगबो म्हणतो.

इंग्लिश नियम सगळ्यात कडक. धनुष्य लाकडाचंच, एका तुकड्याचं असो नाहीतर थर चिकटवलेलं, टोकांना शिंगाचे नॉक, म्हणजे दोरी अडकवायच्या खाचा, आणि पोट, म्हणजे ओढताना आपल्याकडे येणारी बाजू, गोलसर फुगलेली. आता सगळे जिथे आपटतात तो नियम, जाडी कुठेही रुंदीच्या ५/८ पेक्षा कमी नको. म्हणजे पातं ३२ मिमी रुंद असेल तर तिथे किमान २० मिमी जाड पाहिजे, आणि टोकाकडे १६ मिमीपर्यंत निमुळतं झालं तर तिथेही १० मिमी. माझी पाती ४४ मिमी रुंद होती, त्या हिशोबाने २७.५ मिमी जाडी हवी, होती जेमतेम त्याच्या निम्मी! लोक मुठीजवळ मोजून खूश होतात, तिथे तर सगळीच धनुष्यं जाड असतात, कॅलिपर घ्या आणि पार टोकापर्यंत जा.

शेल्फही इथे चालत नाही, बाण टेकवायला वेगळा रेस्ट चिकटवलेलाही नाही. बाण सरळ आपल्या मुठीवर ठेवायचा, पिसं हाताला घासून जातात, पहिल्या आठवड्यात माझ्या बोटाचं सालटं निघालं, म्हणून लोक त्या हातात ग्लोव्ह घालतात. बाण धनुष्याच्या बाजूने वळसा घेऊन जातो त्यामुळे फार कडक बाण उजव्या हाताने ओढणाऱ्याचा डावीकडे जातो, मग लोक नेम बदलत बसतात, मी पण बसलो, खरं तर बाण बदलायचे असतात.

लांबीचा घोळ वेगळाच. आर्चरी जीबीत बाण २७ इंचांपेक्षा कमी असेल तर धनुष्य किमान ५ फूट, त्याहून लांब बाणाला ५ फूट ६ इंच. वर्ल्ड आर्चरीच्या थ्रीडीत, म्हणजे प्राण्यांच्या पुतळ्यांवर नेम मारायच्या स्पर्धेत, पुरुषांना १६० सेमी, महिला आणि ज्युनिअरना १५०, आणि तेही दोरी चढवलेल्या स्थितीत, पात्याच्या बाहेरच्या अंगाने, एका नॉकपासून दुसऱ्या नॉकपर्यंत मोजायचं. लेबलवर ६४ इंच लिहिलंय म्हणजे १६२ सेमी झाले, पास, असं समजू नका. लेबलचा आकडा आणि टेपचा आकडा जुळेलच असं नाही, काठावरचं धनुष्य घरीच मोजा.

बाकी वर्ल्ड आर्चरी मटेरियलला हरकत घेत नाही, फायबरग्लास चालतं, शेल्फ चालतो. अट एकच, दोरी चढवल्यावर ती नॉक सोडून धनुष्याला कुठेही टेकता कामा नये. रिकर्व्हच्या वळलेल्या टोकांवर दोरी लोळते, म्हणून रिकर्व्ह ७० इंची असला तरी लाँगबो होत नाही. आयएफएएत सगळा भर आकारावर, दोरी चढवल्यावर मुठीपासून टोकापर्यंत एकाच दिशेची सलग कमान दिसली पाहिजे. टोकं जरा जरी उलटी वळली की संपलं. दोरी चढवा, भिंतीसमोर उभं धरा, फोटो काढा, लगेच कळतं.

हां, आपल्याकडच्या नॅशनल्समध्ये इंडियन राऊंड खेळतात ते बांबूचं धनुष्य आणि हा लाँगबो एकच समजून विचारणारे खूप आहेत. नाही, तो आपला स्वतंत्र गट आहे, त्याचे नियम वेगळे.

बाणांवर मात्र तिघांचंही एकमत, काडी लाकडी आणि पिसं खरी. कार्बन नाही, व्हेन म्हणजे प्लास्टिकची पिसं नाहीत. बाणाचं नॉक, म्हणजे दोरीत बसणारी मागची खाच, प्लास्टिकचं चालतं, उगाच घाबरू नका.

शेवटची किरकोळ वाटणारी भानगड. सरावात मी नेमासाठी पात्यावर पेन्सिलने बारीक रेघ मारली होती आणि विसरून गेलो. आयएफएएत विंडोच्या, म्हणजे मुठीच्या वर बाण जिथून जातो त्या भागात नेम धरायला उपयोगी पडेल असा डागसुद्धा चालत नाही, आणि अंतर बदललं म्हणून दोरीवर बोटं खालीवर सरकवणंही नाही. खोडरबर किटमध्येच ठेवा.