घनमूळ काढताना या चुका टाळा

करणींच्या, म्हणजे √२, ∛२ असल्या मुळांच्या गणितांच्या, वह्या तपासून तपासून आता कोण कुठल्या ओळीवर घसरणार ते आधीच कळतं. सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे तो शेवटच्या अंकाचा शॉर्टकट. शेवटचे तीन अंक बाजूला काढायचे, एकक अंक बघून उत्तराचा एकक अंक लावायचा (२ असेल तर ८, ८ असेल तर २, तसंच ३ आणि ७ ची अदलाबदल, बाकीचे जसेच्या तसे), आणि उरलेल्या भागात बसणारा सगळ्यात मोठा घन शोधून त्याचं घनमूळ दशकाच्या जागी लिहायचं. १३८२४ ला २४ येतं, बरोब्बर. पण हे फक्त पूर्ण घनालाच चालतं, आणि नेमकं तेवढंच कोणी लक्षात ठेवत नाही.

एकाला १५६२१ चं घनमूळ जवळच्या पूर्णांकात विचारलं होतं. पठ्ठ्याने लगेच २१ लिहिलं, वर माझ्याशीच वाद, की सर ट्रिक कधी चुकत नाही. म्हटलं कर २१ चा घन. आला ९२६१. मग म्हणे गुणाकारात गडबड झाली असेल, परत केला, परत ९२६१, तेव्हा कुठे गप्प बसला. २५ चा घन १५६२५, म्हणजे खरं उत्तर २५ ला जेमतेम कमी! मी तर आधी अंकांची बेरीज करतो, इथे ती १५, म्हणजे ३ ने भाग जातो पण ९ ने नाही. पूर्ण घनाला ३ ने भाग गेला तर ९ ने जातोच, मग हा पूर्ण घन असणारच कसा? आणि १ ते २५ चे घन पाठ करा, कंटाळा आला तरी करा, त्याला पर्याय नाही.

दुसरी आवडती चूक छेदाच्या परिमेयीकरणात, म्हणजे छेदातलं मूळ घालवताना. छेदात ∛२ दिसलं की वर-खाली ∛२ ने गुणून मोकळे, कारण वर्गमूळात तसं चालायचं. अरे पण छेदात ∛४ उरलं की! गुणायचं ∛४ ने, मग खाली ∛८ म्हणजे २. छेदात ∛२ − १ असलं तर काही जण अनुबद्ध जोडी (मधलं चिन्ह उलटं केलेली) म्हणून ∛२ + १ घेतात आणि ∛४ − १ वर येऊन अडकतात. इथे अ³ − ब³ चे अवयव लागतात, ∛४ + ∛२ + १ ने गुणा, छेद २ − १ म्हणजे सरळ १. मी ते सूत्र गणित सुरू करायच्या आधीच समासात लिहून ठेवतो.

बाकीच्या पटकन सांगतो. ∛(−८) ला "वास्तव उत्तर नाही" लिहू नका, −२ आहे. √२५ म्हणजे फक्त ५, ±५ हे क्ष² = २५ चं उत्तर. √(९ + १६) = ७ लिहिणाऱ्यांशी मला बोलायचंच नाही. २∛५ मधला २ आत नेताना त्याचा घन करा, ∛४० येतं, ∛१० नाही. घनमूळाचा ३ छोटा आणि चिन्हाच्या खाचेत काढा, नाहीतर तो ३√८ वाचला जातो आणि २ च्या जागी ८.४९ येतं.

कॅल्क्युलेटरवर घनमूळासाठी ८ चा १/३ घात टाकताना १/३ ला कंस द्या, नाहीतर तो ८ ला ३ ने भागून २.६७ दाखवतो. आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेत −८ कंसात टाकून १/३ घात काढला तर −२ येतच नाही, संमिश्र संख्या (√−१ असलेली) येते, मग पोरं म्हणतात कॉम्प्युटर बिघडला. बिघडलेलं काही नसतं, −८ ला तीन घनमूळं आहेत आणि तो त्यातलं दुसरंच देतो. ८ चं काढून नंतर वजा लावा, काम झालं.