डिड काढलं, पण भूतकाळ कुठे ठेवला?

नाउन क्लॉज, म्हणजे मोठ्या वाक्याच्या पोटात बसून नामाचं काम करणारं छोटं वाक्य, त्याची व्याख्या इथे पुन्हा सांगत नाही. ते तुम्हाला येतं. तरीही पेपरात ‘आय डोन्ट नो व्हेअर डिड ही गो’ असं लिहून होतंच. व्याख्या तोंडपाठ असली तरी हात जुन्या वळणानेच लिहितो.

मराठीत ही अडचण नाही. ‘तो कुठे राहतो?’ आणि ‘तो कुठे राहतो ते मला माहीत नाही’, एक शब्दही जागचा हलत नाही. इंग्रजीत प्रश्न विचारताना सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं आणि तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात शिरला की परत कर्त्यानंतर जाऊन बसतं. ‘व्हेअर इज ही?’चं ‘आय नो व्हेअर ही इज’. शाळेत प्रश्नातली ही उलटापालट इतकी घोटून घेतात की पुढे ती सुटता सुटत नाही.

‘दुसऱ्या-तिसऱ्या शब्दाची अदलाबदल करा, झालं’ ही शॉर्टकट कुणी शिकवली असेल तर आजच विसरा. ‘हाऊ मेनी बुक्स हॅज शी बॉट?’ यात दुसरा शब्द मेनी, तिसरा बुक्स. काय बदलणार? शब्द मोजू नका, कर्ता शोधा, आणि तोही अख्खा. ‘व्हेन विल द मॅन हू सोल्ड यू द बाइक कम?’ यात कर्ता ‘द मॅन’वर संपत नाही, ‘बाइक’पर्यंत जातो, विल त्याच्यानंतर येईल.

आता खरा सापळा: डू, डझ, डिड. ही क्रियापदं प्रश्नात नुसती उभी नसतात, मुख्य क्रियापदाचा काळ आणि एस त्यांनी स्वतःकडे घेतलेला असतो. म्हणून ती काढताना तो ऐवज परत द्यावा लागतो. ‘व्हेअर डिड ही गो?’ मधलं डिड गेलं की गोचं वेन्ट होतं. ‘व्हॉट डझ शी वॉन्ट?’चं ‘व्हॉट शी वॉन्ट्स’. निम्मी मुलं डिड काढतात आणि ‘व्हेअर ही गो’ लिहून मोकळी होतात. उरलेली दोन्ही ठेवून ‘व्हेअर ही डिड वेन्ट’ करतात. दोन्हींना शून्य.

‘डिड दिसलं की काढा’ हाही नियम अर्धाच. ‘व्हाय डिडन्ट ही कम?’चं उत्तर ‘व्हाय ही डिडन्ट कम’. नॉट आहे म्हणून डिड राहतं, फक्त कर्त्यानंतर जातं. आणि ‘व्हॉट डिड ही डू?’ मध्ये मुख्य क्रियापदच डू आहे, म्हणून ‘व्हॉट ही डिड’. इथलं डिड पाहून चुकलं की काय असं वाटतं. चुकलेलं नाही, पुढे चला.

काही प्रश्नांना हातच लावायचा नसतो. ‘हू टोल्ड यू?’, ‘व्हॉट हॅपन्ड?’ यांत हू आणि व्हॉट हेच कर्ते आहेत, त्यामुळे क्रम आधीच सरळ आहे. पण ‘हू डिड यू टेल?’ आलं की कर्ता यू, म्हणून ‘हू यू टोल्ड’. हे दोन प्रश्न शेजारी शेजारी लिहून पाहा.

‘त्याने विचारलं की मी कुठे राहतो’ यातल्या ‘की’मुळे ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आय लिव्ह्ड’ असं होतं. प्रश्नार्थक शब्द असला की दॅट नको. तोच शब्द जोडणीचं काम करतो.

हो-नाहीच्या प्रश्नाला मात्र जोडायला शब्द लागतो: इफ किंवा विदर. गोंधळ होत असेल तर सरळ विदर वापरा. वाक्याच्या सुरुवातीला, ऑन-अबाउटसारख्या शब्दानंतर आणि ‘विदर टू गो’सारख्या रचनेत तसंही तेच लागतं. ‘इफनंतर विल येत नाही’ हा नियम अटीच्या इफचा. ‘आय डोन्ट नो इफ ही विल कम’ बिनधास्त लिहा.

काळ मागे न्यायचा (लिव्हचं लिव्ह्ड) तो सहसा आस्क्डसारखं भूतकाळी क्रियापद आधी असेल तरच. ‘आय डोन्ट नो’ला ती भानगड नाही.

बोलताना यातलं काही चुकलं तरी समोरच्याला कळतं, तेवढ्यासाठी तोंड बंद ठेवू नका. परीक्षेत मात्र चूक शोधण्याच्या प्रश्नात हेच विचारतात. सरावाला जुन्या पेपरातला कुठलाही प्रश्न घ्या आणि त्याच्या आधी एकदा ‘आय डोन्ट नो’, एकदा ‘डू यू नो’ जोडा. आतला क्रम दोन्हीकडे सारखाच. प्रश्नचिन्ह फक्त दुसऱ्याला, कारण तिथे बाहेरचं वाक्य प्रश्न आहे.