कॉम्प्युटर लॉगिन घेत नाहीये? मग निदान या चुका तरी करू नका

कॉम्प्युटर चालू केला, पासवर्ड टाकला आणि चुकीचा आहे म्हणाला की माणूस काय करतो? तोच पासवर्ड परत टाकतो, मग जरा जोरात बटणं दाबून परत टाकतो, मग घरभर ओरडून विचारतो 'कोणी बदलला का रे पासवर्ड', आणि कोणी कबूल होत नाही म्हटल्यावर जुने जुने आठवून आठवून टाकत बसतो. नातेवाइकांमधला 'कॉम्प्युटरवाला' मीच असल्यामुळे असे फोन मला येतच असतात, आणि खरं सांगायचं तर मूळ भानगड बहुतेक वेळा दोन मिनिटांची असते, पण फोन येईपर्यंत वैतागून जे काही करून ठेवलेलं असतं ना, ते निस्तरायला अख्खी दुपार जाते. इथे सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहितोय.

पहिली चूक म्हणजे आंधळेपणाने टाइप करणं. पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात, पण टाइप केल्यावर उजव्या टोकाला एक डोळ्याचं चिन्ह येतं, ते दाबून धरलं की आपण नक्की काय टाकलंय ते दिसतं. हे कितीतरी लोकांना माहितीच नसतं! मावशीच्या लॅपटॉपवर पासवर्ड घेत नव्हता, ती म्हणे 'अरे दहा वर्षं हाच आहे', कॅप्स लॉक बंद, सगळं ठीक, मग तिला म्हटलं तो डोळा दाबून वाच मला, तर यूच्या जागी ४, आयच्या जागी ५ आणि ओच्या जागी ६. छोट्या कीबोर्डच्या काही लॅपटॉपमध्ये अक्षरांच्याच बटणांवर आकडे लपवलेले असतात आणि नम लॉक चालू झालं की ती अक्षरं आकडे द्यायला लागतात. नम लॉक बंद केलं, झालं काम. तसंच भाषेचं. मराठीत टाइप करता करता स्क्रीन लॉक झाली आणि कीबोर्ड मराठीवरच राहिला तर इंग्रजी पासवर्ड कसा लागणार? खाली उजव्या कोपऱ्यात भाषेचं चिन्ह असतं, तिथून इंग्रजी करा. आणि एखादं बटणच मेलंय असं वाटलं तर तिथेच अॅक्सेसिबिलिटीच्या चिन्हात ऑन स्क्रीन कीबोर्ड आहे, माउसने टाका.

आता दुसरी, माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ घालणारी: पिन आणि पासवर्ड एकच समजणं. पिन हा फक्त त्या एका मशीनचा असतो, दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो चालत नाही. पासवर्ड मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा, म्हणजे ईमेलबरोबर सगळीकडे चालणारा. लोक मोबाइलवरून अकाउंटचा पासवर्ड बदलतात आणि मग तो नवा पासवर्ड पिनच्या चौकटीत टाकत बसतात. किंवा उलटं, नवा पासवर्ड बरोबर जागी टाकतात पण कॉम्प्युटरला नेटच नसतं, त्या बिचाऱ्याला पासवर्ड बदलल्याचं कळणार कुठून, तो जुनाच मागणार. तर आधी लॉगिन स्क्रीनवरूनच वायफाय जोडा, मग 'साइन-इन ऑप्शन्स' दाबून किल्लीचं चिन्ह दिसतंय का बघा, ते पासवर्डचं. ते दिसलंच नाही तर 'आय फरगॉट माय पिन', त्यालाही नेट लागतंच. बायॉस (विंडोजच्या आधी चालू होणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट झाल्यावर कधी कधी 'पिन उपलब्ध नाही' असा मेसेज येतो तेव्हाही हाच रस्ता, पिन नवा करून घ्यायचा, फॉरमॅट मारायचं काही कारण नाही.

पिन सारखा सारखा चुकला की मशीन एक विचित्र गोष्ट करतं, 'ए१बी२सी३' असं टाइप करा म्हणतं. घाबरून लोक मला स्क्रीनचा फोटो पाठवतात, व्हायरस आलाय का म्हणून. काही नाही हो, कीबोर्डवर खरंच माणूस बसलाय आणि बटणं नीट चालतायत एवढंच त्याला बघायचं असतं, इंग्रजीत जसं दिसतंय तसं टाका. पण हा इशारा समजा आणि अंदाजपंचे थांबवा, कारण विंडोज ११ च्या अलीकडच्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये १० वेळा पासवर्ड चुकला की अकाउंट १० मिनिटं बंद होतं, आणि त्या १० मिनिटांत बरोबर पासवर्ड टाकला तरी घेत नाही. मग माणूस म्हणतो 'बघ, बरोबर टाकला तरी नाही घेत' आणि खरा पासवर्डच यादीतून बाद करून टाकतो. त्यापेक्षा चहा करून या.

ईमेल न जोडता नुसतं नाव देऊन बनवलेलं लोकल अकाउंट असेल तर त्याचा पासवर्ड ऑनलाइन रिसेट होत नाही, हे आधी डोक्यात घ्या. एकदा चुकीचा पासवर्ड टाकला की खाली 'रिसेट पासवर्ड' येतं आणि अकाउंट बनवताना दिलेले तीन प्रश्न विचारले जातात, ही सोय विंडोज १० मध्ये २०१८ पासून आहे. उत्तरं जशी लिहिली होती तशीच लागतात. घरात दुसरं अॅडमिन अकाउंट असेल तर त्यातूनही पासवर्ड बदलता येतो, पण थांबा, तो शेवटचा उपाय ठेवा, कारण असं बाहेरून बदललं की त्या अकाउंटमध्ये विंडोजने एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे कुलूपबंद केलेल्या फाइल्स आणि सेव्ह केलेले पासवर्ड हातचे जाऊ शकतात.

कधी कधी लॉगिन होतं पण डेस्कटॉप कोरा करकरीत, फोटो नाहीत, फाइल्स नाहीत, आणि मेसेज येतो की तुमच्या अकाउंटमध्ये साइन-इन करता येत नाहीये. इथे चूक करू नका म्हणजे नकाच. ही टेम्पररी प्रोफाइल असते, तुमची खरी प्रोफाइल (म्हणजे तुमच्या अकाउंटचा डेस्कटॉप, फाइल्स, सेटिंग) उघडता आली नाही म्हणून तात्पुरती दिलेली, आणि साइन आउट केलं की तिच्यात ठेवलेलं सगळं पुसलं जातं. भावाने एकदा अशाच कोऱ्या डेस्कटॉपवर बसून तीन तास प्रोजेक्टचा रिपोर्ट लिहिला, डेस्कटॉपवरच सेव्ह केला आणि रात्री शट डाउन केलं. गेला. जुन्या फाइल्स मात्र साधारणपणे शाबूत असतात, सी ड्राइव्हमध्ये यूजर्स फोल्डरात तुमच्या नावाचं फोल्डर उघडून बघा. आधी दोन-तीनदा रीस्टार्ट करा, कित्येकदा तेवढ्यानेच खरी प्रोफाइल परत येते. नाहीच आली तर त्या फोल्डरातल्या कामाच्या फाइल्स पेन ड्राइव्हवर काढा आणि मगच पुढचं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत) शिरून प्रोफाइलच्या नोंदी बदलायचे व्हिडिओ खूप आहेत, पण कॉपी काढून ठेवल्याशिवाय तिथे हात घालू नका.

निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली तर तो लॉगिन पासवर्ड नाही, ते बिटलॉकर आहे, डिस्कचं कुलूप. तिथे पिन टाकून उपयोग नाही. मोबाइलवरून त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जा, डिव्हाइसेसमध्ये की सापडते, एकापेक्षा जास्त दिसल्या तर स्क्रीनवरच्या की आयडीशी जुळवून घ्या. की न शोधता फॉरमॅट मारला तर डेटा विसरा.

छोटी गोष्ट, पण तारीख-वेळ बघा. जुन्या मशीनमध्ये मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की दर वेळी घड्याळ मागे जातं आणि नेटवरून होणारं लॉगिन अडकतं.

आणि नेटवर सर्च करून सापडलेल्या कुठल्याही 'हेल्पलाइन' नंबरला फोन लावू नका. पासवर्ड तोडून देणारी फुकट सॉफ्टवेअरसुद्धा नकोत.

राहिला रिकव्हरीचा मोबाइल नंबर. पिन विसरला की कोड येणार तो जुन्या, कधीच बंद केलेल्या नंबरवर, हे मामाच्या बाबतीत झालं. अकाउंटचा पासवर्ड त्याला पाठ होता, पण कोड घ्यायला एकही चालू नंबर किंवा ईमेल नव्हता, अशा वेळी सगळी सिक्युरिटी माहिती नवीन टाकावी लागते आणि मग ३० दिवस थांबावं लागतं, कोणालाही फोन केला तरी ते दिवस कमी होत नाहीत. विसाव्या दिवशी त्याचा मला फोन, 'अरे आठवला पिन, लागला पण!' म्हटलं छान, आता आत शिरलाच आहेस तर फोटो पेन ड्राइव्हवर काढून घे, आणि नवा नंबर लागू व्हायला अजून दहा दिवस आहेत, तोवर पिन परत विसरू नकोस.