मुलांशी गप्पा: ‘काही नाही’च्या पुढे कसं जायचं?

“शाळेत काय झालं आज?”
“काही नाही.”
“डबा संपवलास?”
“हो.”
“अभ्यास काय दिलाय?”
“माहीत नाही.”

दारात बूट काढता काढता हे सगळं उरकतं आणि मग आपणच म्हणतो, आमचं पोर घरी काही सांगतच नाही. सांगेल कसं? ही झाली उलटतपासणी. पोलीस चौकीतसुद्धा आधी बसायला सांगतात.

‘नीट ऐक’ असं दिवसातून वीसदा सांगून कुणाला ऐकता येत नाही, हे माझ्या मुलाने मला शिकवलं. त्यामुळे खालच्या पायऱ्यांतल्या बऱ्याच आधी आपल्यासाठी आहेत, मुलांचा नंबर नंतर. साधारण तीन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी त्या चालतात.

आधी कान तपासून घ्या

‘ऐकत नाही’ म्हणून ओरडा खाणाऱ्या काही मुलांना खरंच कमी ऐकू येत असतं. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचणं लहान मुलांत नेहमीचं आहे, आणि ते दुखेलच असं नाही. टीव्हीचा आवाज वाढवणं, पाठीमागून हाक मारली तर न वळणं, सारखं ‘काय?’ विचारणं असं दिसलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. दोन वर्षांचं मूल ‘पाणी दे’, ‘बाबा आले’ असे दोन शब्द जोडून बोलत नसेल तरीही थांबून राहू नका. ‘मुलगे उशिराच बोलतात’ हे शेजारच्या काकूंचं निदान सोडून द्या.

हातांना काम द्या

समोर बसवून ‘चल, गप्पा मारू’ म्हटलं की मूल गप्प. मटार सोलायला घ्या, पालेभाजी निवडा, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घाला. नजर कामावर असली की जीभ सैल सुटते. आमच्या घरची सगळी महत्त्वाची बातमी मटाराच्या शेंगांबरोबर बाहेर येते: कोण कोणाशी कट्टी आहे, बाकावर मध्ये बसायला का आवडत नाही, वगैरे. निम्मे दाणे पातेल्याऐवजी पोटात जातात, पण तेवढं चालायचंच. त्या वेळी आपला फोन दुसऱ्या खोलीत हवा. पालथा ठेवलेला फोनही मुलांना दिसतो.

प्रश्न विचारा आणि थांबा

सगळ्यात अवघड पायरी हीच. अमेरिकेतल्या मेरी बड रो या विज्ञानशिक्षण अभ्यासकाने १९७०च्या दशकात शाळेच्या वर्गांमधल्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एकच सेकंद थांबत होते. हा थांबा तीन सेकंदांवर नेला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि मुलं स्वतःहून प्रश्न विचारू लागली.

आपल्याकडे तर एक सेकंदही मिळत नाही. पाहुण्या काकू विचारतात, “कितवीत आहेस गं?” आणि आईच सुरू होते, “सांग ना काकूंना, दुसरीत ना? दुसरीत आहे ती, जरा लाजते.” पोरीला कळतं, आपण न बोलता काम भागतं. शिवाय ‘लाजाळू’ हा शिक्का फुकट मिळतो. पुढच्या वेळी मनात तीन अंक मोजा. ती शांतता खूप लांब वाटते. वाटू द्या.

प्रश्नही बदला. ‘काय झालं?’ऐवजी ‘आज डब्यात कोणाची भाजी चाखलीस?’ असा नेमका प्रश्न विचारा.

चेंडू परत टाका

मूल म्हणालं, “आज बाई रागावल्या,” की आपल्या तोंडात तयार असतं, “तू काय केलं होतंस?” इथेच गप्पा संपतात. त्याऐवजी त्याचेच शब्द परत द्या: “बाई रागावल्या?” आणि थांबा. “हो, कारण फळा पुसायचा होता आणि डस्टर खिडकीतून खाली...” मग गोष्ट आपोआप पुढे सरकते. उपदेश करायचाच असेल तर रात्री करा.

हे केवळ लाडाचं तंत्र नाही. चार ते सहा वर्षांच्या मुलांवरचा एक अमेरिकी अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या कानावर एकूण किती शब्द पडतात यापेक्षा मोठ्यांशी बोलण्याची देवाणघेवाण किती वेळा होते, याचा मेंदूतल्या भाषेच्या भागाच्या कामाशी अधिक संबंध त्यात दिसला. म्हणजे कानीकपाळी ओरडण्याचा उपयोग बेताचाच.

मध्ये बोलायची रीत

‘मोठी माणसं बोलताना मध्ये बोलू नये’ हे सगळे सांगतात; मग कधी बोलायचं, ते कोणी सांगत नाही. एक सोपी खूण ठरवा. काही सांगायचं असेल तर मुलाने आपल्या मनगटावर हात ठेवायचा. आपण त्यावर आपला हात ठेवायचा, म्हणजे ‘कळलं, थांब’. वाक्य संपलं की लगेच त्याच्याकडे वळायचं. सुरुवातीला पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त ताटकळत ठेवू नका, नाहीतर खुणेवरचा विश्वास उडतो. आणि हो, पडलं-झडलं, शू लागली, तर थेट ओरडायची मुभा.

खेळता खेळता कान तयार करा

चिऊ-काऊची गोष्ट सांगताना मुद्दाम चुका: “काऊचं घर होतं मेणाचं...” लगेच ओरड होते, “शेणाचं!” जेवढी बारीक चूक, तेवढे कान टवकारलेले. गावांच्या भेंड्यांमध्ये समोरच्याचं शेवटचं अक्षर ऐकल्याशिवाय आपली पाळी खेळताच येत नाही. चार-पाच जण असतील तर कानगोष्टी खेळा.

फोनवर आजी

“बोल आजीशी!” म्हणून फोन हातात कोंबला की मूल मुकं होतं. फोन लावायच्या आधी दोनच गोष्टी ठरवा: एक सांगायची, एक विचारायची. विचारायची गोष्ट आजीच्या आयुष्यातली हवी, ‘कशी आहेस?’ला ‘बरी आहे’ एवढंच उत्तर येतं.

परवा आमच्या चिरंजीवांनी विचारलं, “आजी, मांजरीने पिल्लं कुठे ठेवलीत?” आजी जी सुटली, ती माळा, जुनी गोधडी, शेजारचा बोका असं करत थांबेचना. तो ‘हं... मग?’ म्हणत ऐकत होता. मी मागून कुजबुजले, “विचार, पाऊस आहे का तिकडे?” त्याने वळून पाहिलं, माझा हात उचलून स्वतःच्या मनगटावर ठेवला, त्यावर आपला तळवा दाबला आणि फोनकडे वळून म्हणाला, “हं आजी, मग बोका कुठे गेला?”