क्लाउडवर डेटा ठेवताना या चुका टाळा

फाइल क्लाउडवर चढली आणि एन्क्रिप्शन, म्हणजे फाइल सांकेतिक रूपात बदलणे, सुरू असल्याचे दिसले की डेटा सुरक्षित झाला, असे आपण धरून चालतो. परंतु गोपनीयता आणि अखंडता (फाइल जशीच्या तशी राहणे) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जी फाइल परक्या कोणालाही वाचता येत नाही, तीसुद्धा अर्धवट चढलेली किंवा बदललेली असू शकते.

सर्वांत सर्रास होणारी चूक म्हणजे केवळ सेवेच्या एन्क्रिप्शनवर विसंबणे. ॲमेझॉनच्या एस-थ्री या फाइल साठवण्याच्या क्लाउड सेवेत जानेवारी २०२३पासून प्रत्येक नवी फाइल आपोआप एन्क्रिप्ट होते. डेटा सेंटरमधील डिस्क चोरीला गेली तर हे संरक्षण कामी येते. मात्र तुमचा पासवर्ड ज्याच्या हाती लागला, त्याला सेवा स्वतःच ती फाइल उलगडून देते. म्हणून संवेदनशील फाइल आपल्याच संगणकावर एन्क्रिप्ट करून मग चढवावी आणि ती उलगडणारी की, म्हणजे गुप्त किल्ली, त्याच खात्यात ठेवू नये. तसेच कीची आणखी एक प्रत दुसरीकडे जपावी, कारण ही की हरवली तर फाइल तुम्हालाही उघडता येणार नाही.

अखंडतेकडे होणारे दुर्लक्ष मला अधिक धोकादायक वाटते, कारण ते फाइलची खरी गरज पडेपर्यंत लक्षातच येत नाही. चढवण्यापूर्वी फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे तिच्यातील डेटावरून गणिताने निघणारा ठसा, काढावा. ६४ अक्षर-अंकांची ही ओळ फाइलमधला एक बिट बदलला तरी पूर्णपणे वेगळी येते. ती ओळ क्लाउडबाहेर नोंदवून ठेवावी. फाइलशेजारीच ठेवली, तर फाइल बदलणारा हॅशही बदलेल. फाइल उतरवल्यावर हॅश जुळला नाही, तर ती पुन्हा उतरवून पाहावी. दोन्ही वेळा वेगवेगळा हॅश आला तर दोष बहुधा जोडणीत किंवा आपल्या संगणकात असतो. दोन्ही वेळा तोच चुकीचा हॅश आला तर क्लाउडवरची प्रतच वेगळी आहे, आणि व्हर्जनिंग (जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय) सुरू असल्यास आधीची आवृत्ती तपासावी. एक गफलत मात्र नेहमी होते: एस-थ्रीमध्ये तुकड्यांनी चढवलेल्या मोठ्या फाइलचा ईटॅग (सेवेने फाइलला दिलेली ओळखखूण) हा संपूर्ण फाइलचा एमडी५ (हॅशचाच एक जुना प्रकार) नसतो, त्यामुळे तो जुळला नाही म्हणून फाइल बिघडली असे समजू नये. शिवाय एमडी५मधील टक्कर (दोन वेगळ्या फाइलींचा एकच हॅश येणे) २००४मध्ये आणि एसएचए-१ या दुसऱ्या जुन्या प्रकारातील २०१७मध्ये प्रत्यक्ष दाखवली गेली असल्याने, हेतुपुरस्सर केलेली फेरफार पकडण्यासाठी या दोन्हींवर भिस्त ठेवू नये.

सिंक (सगळ्या उपकरणांवरच्या फाइली आपोआप सारख्या ठेवणे) म्हणजे बॅकअप नव्हे. एका उपकरणावर पुसलेली फाइल सगळीकडून पुसली जाते. फाइल इतरांना दाखवताना दिलेली ‘लिंक असलेला कोणीही’ अशी परवानगी काम संपताच काढून घ्यावी.

प्रोग्रामच्या कोडमध्ये चुकून राहिलेली ॲक्सेस की (प्रोग्रामला क्लाउड खात्यात प्रवेश देणारा पासवर्डसारखा संकेत) नुसती खोडून भागत नाही, कारण कोडमधील बदल नोंदवणाऱ्या गिट या साधनाच्या इतिहासात ती तशीच राहते. आधी ती रद्द करावी, नवी काढावी आणि मधल्या काळात जुन्या कीचा वापर कोणी केला, हे ॲक्सेस लॉगमध्ये (वापराच्या नोंदीत) पाहावे.